पौल सतत वाटेवरच होता, मग शिष्य घडवले कधी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांसाठी तुम्ही प्रेषित पौलाच्या सुवार्ताप्रवासांवर चार तासिका घेणार आहात. बायबलच्या मागच्या पानावरचा नकाशा उघडलात, लाल-निळ्या-हिरव्या रेघा पाहिल्यात आणि अडलात. हा माणूस एवढा फिरत होता, तर मत्तयाच्या २८ व्या अध्यायातल्या आज्ञेप्रमाणे ‘शिष्य करायला’ त्याला वेळ मिळाला कधी? आणि ती आज्ञा पहिल्या पिढीतल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांनी अंगावर घेतली होती, की फक्त प्रेषितांनी?

दोन्ही शंका रास्त आहेत. पण माझ्या मते घोळ नकाशाने घातला आहे. नकाशात हालचाल दिसते, मुक्काम दिसत नाही. करिंथमध्ये पौल दीड वर्ष राहिला आणि अपुल्लोनियातून तो नुसता पुढे गेला, पण नकाशावर दोन्हींचा ठिपका सारखाच. मी बायबल प्रशिक्षण वर्गांत ‘प्रेषितांची कृत्ये’ हे बायबलमधलं पुस्तक बरीच वर्षं शिकवतो आहे, तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये त्या वाटांवरून अभ्यासगटही नेले आहेत. दर गटात कुणीतरी हाच प्रश्न विचारतं आणि दर वेळी मी आधी वही-पेन काढायला सांगतो. हिशेब केला की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

तुम्हीही करून पाहा. सिरियातल्या अंत्युखियाहून इफिसला खुष्कीच्या मार्गाने जायचं तर तार्स, तिथून तोरोस पर्वतातली खिंड, मग पठारावरून पश्चिमेकडे, असं अंतर साधारण अकराशे किलोमीटर भरतं. त्या काळी पायी चालणारा धडधाकट माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर काटत असे. म्हणजे दीड महिना. शब्बाथ, पाऊस, वाटेत लागणाऱ्या मंडळ्यांच्या भेटी धरल्या तर दोन-तीन महिने म्हणा. आणि इफिसला पोचल्यावर तो राहिला किती? सभास्थानात तीन महिने, मग तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं. मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे पुढाऱ्यांचा, निरोप घेताना तो स्वतः ‘तीन वर्षं’ म्हणतो. ज्याला आपण ‘तिसरा प्रवास’ म्हणतो त्याचा बहुतेक काळ एका शहरात गेला आहे.

त्याच्याही आधीचा काळ नकाशावर मुळीच नसतो. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरच्या पाचारणापासून अंत्युखियाच्या मंडळीने त्याला बर्णबा या सहकाऱ्याबरोबर पाठवलं तिथपर्यंत दहा-बारा वर्षं तरी गेली होती. गलतीकरांच्या पत्रात तो अरबस्तान, दिमिष्क, यरुशलेमात पेत्राकडे काढलेले पंधरा दिवस, मग सिरिया आणि किलिकिया असा हिशेब देतो. त्यानंतर बर्णबाने त्याला तार्साहून शोधून आणलं आणि दोघांनी अंत्युखियात वर्षभर लोकांना शिकवलं. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पडलं ते याच शहरात. तीन प्रवास अशी मोजणीही कृत्यांच्या पुस्तकात कुठे नाही, ती आपण अभ्यासाच्या सोयीसाठी केली. ‘दुसरा’ संपून ‘तिसरा’ सुरू होतो ते १८ व्या अध्यायातल्या दोन वचनांत. वाचताना लक्ष नसेल तर कळतही नाही.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. तुमचा वर्ग भक्तीचा आहे की इतिहासाचा, यावर तुम्ही पुराव्यांची चर्चा किती करायची ते ठरेल. पौलाची पत्रं आधीची आणि त्याच्या हातची. कृत्यांचं पुस्तक, जे परंपरेने लूकचं मानतात, त्यानंतर लिहिलं गेलं. दोन्हींत तपशील जिथे जुळत नाहीत तिथे मी पत्रांना झुकतं माप देतो, पण घटनाक्रम लूककडूनच घ्यावा लागतो, कारण दुसरीकडे तो नाही. तारखांचं म्हणाल तर एक खुंटी पक्की आहे. डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखात गल्लियोचा उल्लेख आहे. त्यावरून तो अखया प्रांताचा सुभेदार होता ते साल इ.स. ५१-५२ च्या आसपास येतं. पौल करिंथात त्याच्यापुढे उभा राहिला होता. बाकीची सालं या खुंटीपासून मागेपुढे मोजलेली आहेत, म्हणून फळ्यावर लिहिताना प्रत्येकामागे ‘सुमारे’ लिहा.

आता मुख्य मुद्दा. मुक्काम किती दिवसांचा हे पौल एकटा ठरवत नव्हता. काम मिळतं का, राहायला घर आहे का, अधिकारी काय म्हणतात, समुद्र उघडा आहे का, यावर ते ठरायचं. थेस्सलनीकेतून त्याला रातोरात निघावं लागलं, बिरुयातूनही लवकर. करिंथात मात्र सगळं जुळून आलं. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे राहुट्या करणारं जोडपं भेटलं, धंदा एकच म्हणून त्यांच्याच घरी कामही मिळालं आणि छप्परही. क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून ती दोघं नुकतीच इटलीहून आली होती. पुढे गल्लियोने ‘हा तुमच्या धर्मशास्त्राचा वाद आहे, मी यात पडत नाही’ असं म्हणून खटलाच उडवून लावला आणि पौलाला श्वास घ्यायला जागा मिळाली. मी गट नेतो तेव्हा करिंथच्या न्यायासनापेक्षा जास्त वेळ तिथल्या दुकानांच्या ओळीपुढे उभा राहतो. ही दुकानं म्हणजे लहानशा खोल्या, पुढून उघड्या. गिऱ्हाईक येतंय, जातंय, बोलतंय. दिवसभर चामडं किंवा जाड कापड शिवत बसलेल्या माणसाला बोलायला वेळच वेळ असतो. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलंय की कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम करत सुवार्ता सांगितली. ते वाक्य या खोल्यांपुढे उभं राहिलं की नीट समजतं.

इफिसमध्ये जागा बदलली. तुरन्नाच्या पाठशाळेबद्दल काही जुन्या हस्तलिखितांत एक जास्तीचा तपशील आहे. पौल तिथे पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे आपल्या अकरापासून चारपर्यंत, बोलत असे. ही भर उन्हाची वेळ, गाव झोपलेलं, पाठशाळा रिकामी. तपशील मूळचा असो वा नंतर घातलेला, तो त्या शहराच्या दिनक्रमाला धरून आहे. सकाळी हातकाम, दुपारी शिकवणं. रोज. दोन वर्षं.

आणि याचं फळ कुठे दिसतं? मला वाटतं कलस्सैत. इफिसपासून आत, लायकस नदीच्या खोऱ्यात कलस्सै, लावदिकीया आणि हेरापली ही तीन गावं जवळजवळ आहेत. पौल तिथे कधी गेलाच नव्हता, कलस्सैकरांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, हे त्या पत्रातच आहे. तिथली मंडळी एपफ्रासाने उभी केली, आणि तो त्यांच्यातलाच एक. म्हणजे इफिसच्या मुक्कामात कुणीतरी शिकलं आणि आपल्या गावी परत गेलं. नकाशावर कलस्सैपर्यंत रेघ नाही, पण शिष्य करण्याचं काम तिथवर पोचलं. तुमच्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर देणारं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही.

लुस्त्राची गोष्ट मात्र मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घेऊन सांगतो. पहिल्या फेरीत पौल आणि बर्णबा कुप्र बेटावरून पंफुल्याच्या किनाऱ्याला आले, पिर्ग्याहून डोंगर चढून पिसिदियातल्या अंत्युखियाला गेले. (कुप्राचा सुभेदार सिर्ग्य पौल याच्या घराण्याच्या नावाचा शिलालेख या अंत्युखियात मिळाला आहे. त्यानेच ओळखीचा धागा दिला असावा असा काही अभ्यासकांचा कयास आहे, मलाही तो पटतो.) हे गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. अगुस्त बादशहाने इ.स.पू. ६ मध्ये बांधून घेतलेला सेबास्ते नावाचा रस्ता इथून जायचा आणि पुढे इकुन्या-लुस्त्राकडे वळायचा. अंत्युखियातून दोघांना हाकललं. इकुन्यात दगडमाराची तयारी झाली. लुस्त्रात लोकांनी आधी त्यांना देव मानून बैल आणले, लुकवनी भाषेत आरडाओरडा केला, आणि त्याच गावात पौलाला दगडमार होऊन तो मेला असं समजून गावाबाहेर ओढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो चालत दर्ब्याला निघाला.

आता नकाशा बघा. दर्ब्याहून पूर्वेला किलिकियाच्या खिंडीतून उतरलं की तार्स, पौलाचं जन्मगाव. तिथून सिरियातलं अंत्युखिया जवळ. घरी जायचा सरळ रस्ता तो. दोघांनी तो घेतला नाही. ज्या लुस्त्रात दगड खाल्ले तिथे परत, ज्या इकुन्यातून पळाले तिथे परत, ज्या अंत्युखियातून हाकलले गेले तिथे परत. का? कृत्ये १४ मध्ये कारण सांगितलंय. शिष्यांची मनं स्थिर करायला आणि प्रत्येक मंडळीत वडील नेमायला. तरुणांपुढे हे मांडताना नकाशावर बोट ठेवून दोन्ही रस्ते दाखवा आणि त्यांनाच विचारा, तुम्ही कुठून गेला असता? आमच्या वर्गात बहुतेक सगळे ‘तार्सवरून’ म्हणतात, मग जरा वेळ कुणी बोलत नाही.

लुस्त्राला आणखी एक गोष्ट घडली. पुढच्या खेपेला पौल सीलाला घेऊन आला तेव्हा तिथे तीमथ्य हा तरुण आधीच शिष्य होता, आणि लुस्त्र व इकुन्यातले बंधू त्याच्याबद्दल चांगलं बोलत होते. त्याची आई युनीके यहूदी, बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आजी लोईसचंही नाव येतं. मधल्या काळात पौल तिथे नव्हता. हा मुलगा कुणी घडवला? आजीने, आईने आणि गावातल्या मंडळीने.

हवामानाकडेही लोकांचं लक्ष जात नाही. भूमध्य समुद्रात नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत जहाजं जवळजवळ बंद असत, सप्टेंबरच्या मध्यापासूनच धोका सुरू होई. तोरोसच्या खिंडी बर्फाने भरत. त्यामुळे हिवाळा आला की जिथे असाल तिथे थांबायचं, आपल्याकडे साधू-मुनी चातुर्मासात एका गावी राहतात तसं. करिंथकरांना तो लिहितो, कदाचित हिवाळा तुमच्याकडेच काढीन. रोमला जाताना जहाजवाल्यांनी हा नियम मोडला आणि मिलिता बेटापाशी, म्हणजे आजच्या माल्टाला, जहाज फुटलं. जहाजावर २७६ माणसं होती, सगळी वाचली. नंतरचे तीन महिने बेटावरच गेले, कारण पुढचं जहाज हिवाळा संपल्यावरच निघणार होतं. जाता जाता एक गोष्ट: करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की माझं जहाज तीनदा फुटलं. ते पत्र या घटनेच्या आधीचं आहे. म्हणजे मिलिताचा प्रसंग चौथा, आणि आधीच्या तिघांतल्या एकाचीही हकिगत लूकने दिलेली नाही. आपल्या नकाशात किती गाळलेलं आहे याचा अंदाज यावरून यावा. वाऱ्याचा हिशेब असाच. त्रोवसाहून नियापुलीला जाताना दोन दिवस लागले, तोच टप्पा परत येताना पाच दिवसांचा झाला.

मुक्काम संपला तरी शिकवणं संपत नसे. थेस्सलनीकेहून हुसकावल्यावर पौलाचा जीव तिथे अडकला होता, म्हणून अथेनैहून त्याने तीमथ्याला परत पाठवलं. त्याने बरी बातमी आणली तेव्हा पौलाने थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र लिहिलं. आज आपण ज्याला पवित्र शास्त्र म्हणून वाचतो ते मुळात जाता न आल्यामुळे लिहिलेलं आहे. पत्र कोण नेणार हाही मोठा प्रश्न असे. सरकारी टपाल सरकारी कामालाच होतं, त्यामुळे ओळखीचं माणूस लागायचं. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायाची सुरुवात किंख्रियातल्या फिबीच्या शिफारशीने होते, आणि पत्र तिनेच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. इफिस आणि कलस्सैकडे तुखिक गेला. पत्र नेणारा नुसता टपालवाला नव्हता, वाचून दाखवणारा आणि शंकांना उत्तरं देणाराही तोच.

आणखी एक वचन काढून ठेवा, कृत्ये २०:४. वरवर पाहता नुसती नावांची यादी आहे. बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्ब्याचा गायस, तीमथ्य, आसियाचे तुखिक आणि त्रफिम. यरुशलेमातल्या गरिबांसाठी मंडळ्यांनी गोळा केलेली वर्गणी पोचवायला हे सगळे पौलाबरोबर निघाले असावेत. मुक्काम झालेल्या बऱ्याच ठिकाणांची माणसं इथे उभी आहेत. काहीजण पैसे मोजायलाही होते असं मला वाटतं. दुसऱ्याच्या पैशाबद्दल पौल फार काटेकोर होता.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात: प्रवासाचे महिने कमी, मुक्कामाचे जास्त, एकाच गावी पुन्हा जाणं, माणसं बरोबर घेणं, आणि जाता येत नसेल तिथे पत्र.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आज्ञा सगळ्यांनी अंगावर घेतली होती का? इथे मी जरा सावध बोलतो. गालीलातल्या डोंगरावर येशूने अकरा शिष्यांना ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ असं सांगितलं, असं मत्तय लिहितो. पण पौलाच्या एकाही पत्रात या आज्ञेचा आधार घेतलेला नाही. तो आपलं पाचारण थेट ख्रिस्ताच्या दर्शनाशी जोडतो. कृत्यांच्या पुस्तकात तर गंमत अशी आहे की स्तेफनाच्या मृत्यूनंतर छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित यरुशलेमातच राहिले आणि बाकीचे पांगले. पांगलेले लोक जातील तिथे वचन सांगत गेले. फिलिप्प शोमरोनात गेला. काहीजण फेनिके, कुप्र आणि अंत्युखियापर्यंत पोचले, आणि कुप्र व कुरेने इथल्या काही माणसांनी अंत्युखियात पहिल्यांदा हेल्लेणी लोकांना येशूची सुवार्ता सांगितली. या माणसांची नावं लूक देत नाही. पुढे पौलाला पाठवणारी मंडळी ती हीच, आणि तिचा पाया घातला या निनावी निर्वासितांनी. त्यांना कुणी हात ठेवून पाठवलं नव्हतं.

असंच रोमचं. पौल पोचला तेव्हा तिथे मंडळी होती, त्याआधी जहाज पुत्युल बंदराला लागलं तिथेही बंधू भेटले. त्यांना सुवार्ता कुणी सांगितली? बहुधा व्यापारी, गुलाम, सैनिक, कारागीर यांनी. अक्विला-प्रिस्किल्लाच घ्या. अक्विला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंतचा, तिथून रोम, मग करिंथ, मग इफिस, आणि रोमकरांच्या पत्रात पुन्हा रोम. धंद्याच्या निमित्ताने ही दोघं पौलाच्या बरोबरीने हिंडली आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला इफिसात त्यांनी घरी बोलावून शिकवलं. त्या काळी कामासाठी माणसं किती फिरत याचा पुरावा हेरापलीत आहे. फ्लावियस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याच्या थडग्यावर कोरलंय की इटलीला जाताना त्याने ग्रीसच्या दक्षिणेचं मालेया भूशिर ७२ वेळा ओलांडलं. तो ख्रिस्ती असल्याचं काही चिन्ह नाही, पण गाव एपफ्रासाच्या खोऱ्यातलं आहे आणि अशाच जहाजांवरून बातमी जायची.

बिथुनिया हे माझं आवडतं उदाहरण. कृत्ये १६ मध्ये पौल बिथुनियात जायला निघतो आणि येशूचा आत्मा त्याला जाऊ देत नाही. तो त्रोवसाकडे वळतो आणि पुढे मासेदोनियात उतरतो. नकाशावर बिथुनिया कोरं. पण इ.स. ११२ च्या सुमाराला त्याच बिथुनिया-पंत प्रांताचा अधिकारी प्लिनी त्रायान बादशहाला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, कारण ही लागण शहरांतून खेड्यापाड्यांत, शिवारापर्यंत गेली आहे. चौकशीत काहींनी सांगितलं की आम्ही वीसेक वर्षांपूर्वीच हे सोडलं. म्हणजे त्याहीआधी तिथे मंडळ्या होत्या. माहिती काढायला प्लिनीने ज्या दोघींना यातना दिल्या त्या गुलाम स्त्रिया होत्या आणि मंडळीत सेविका होत्या. पौल जिथे गेला नाही तिथली ही स्थिती. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्सस नावाचा टीकाकार कुत्सितपणे म्हणतो की लोकर विणणारे, चांभार आणि परीट घरांत शिरून बायका-मुलांना हे शिकवतात. त्याला ती नालस्ती वाटली, माझ्या दृष्टीने ती कामाची नोंद आहे.

मग वेगळे, पाठवलेले प्रवासी उपदेशक नव्हते का? होते, आणि त्यांचा त्रासही होता. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिचं हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये सापडलं. तिच्यात नियम दिलेत: प्रेषित आला तर प्रभूसारखं त्याचं स्वागत करा, पण त्याने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. गावात कायमचं राहायचं असेल तर आपला धंदा करून खावा. हे वाचलं की वर्गात हशा पिकतो, पण ज्या मंडळीला असे नियम लिहून ठेवावे लागले तिला पाहुण्यांनी किती लुबाडलं असेल याचा विचार करा. पौलाचा हातकामाचा आग्रह या बाजूनेही पाहता येतो.

‘ही आज्ञा प्रत्येक विश्वासणाऱ्यासाठी आहे’ हा आज आपल्याला सवयीचा झालेला जोर बराच उशिराचा आहे. प्रेषितांनी ती पुरी केली, आता ती आपल्याला लागू नाही, असं मानणारे लोक अठराव्या शतकातही होते. इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनी १७९२ साली याच मताविरुद्ध पुस्तिका लिहिली. हेच केरी पुढे बंगालमध्ये आले, आणि १८०५ साली त्यांचं मराठी व्याकरण तिथल्याच श्रीरामपूरला (सेरामपूरला) छापलं गेलं. तुमच्या तरुणांना हा धागा आवडेल. माझं स्वतःचं मत विचाराल तर आज्ञा सगळ्या मंडळीची आहे, पण ‘जाणं’ हा सगळ्यांचा वाटा नव्हता आणि नाही. लुदिया मूळची थुवतीराची, पण फिलिप्पैत तिने काय केलं? घर उघडलं. फिलिप्पैकरांनी थेस्सलनीकेत पौलाला एकदा नव्हे, दोनदा मदत पाठवली. ते घरीच होते.

कुणीतरी येशूचा शिष्य थोमा याच्याबद्दल विचारेल, आपल्याकडे विचारतातच. तो तिथे आल्याचं साल केरळातली परंपरा इ.स. ५२ सांगते. ‘थोमाची कृत्ये’ हा ग्रंथ तिसऱ्या शतकातला आहे आणि तो थोमाला गोंडोफर्णीस राजाकडे नेतो. हा राजा खरा होता, त्याची नाणी मिळाली आहेत, पण त्याचं राज्य वायव्येला होतं. मोसमी वाऱ्यावर मिसरहून केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरीस बंदराला जहाजं येत होती, तेव्हा प्रवास अशक्य मुळीच नव्हता. परंपरा म्हणून आदराने सांगा, साल म्हणून फळ्यावर लिहू नका. आपल्या भागापुरती जुनी नोंद सहाव्या शतकातल्या कोस्मास या व्यापाऱ्याची. ‘कल्लियाना’ इथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, असं तो लिहितो, आणि हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण असं सहसा मानतात. तिथेही वाट बंदराची आणि व्यापाराचीच दिसते.

तासिकांची मांडणी मी सुचवतो. तुमचा वर्ग तुम्हीच ओळखता, तेव्हा हवं ते बदला. पहिली पौलावर घेऊच नका, कृत्ये ८ आणि ११ मधल्या निनावी लोकांवर घ्या. दुसरी फक्त लुस्त्रावर. तिसरीत करिंथ आणि इफिस, हातकाम आणि दुपारचे वर्ग. चौथीत रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय मोठ्याने वाचून घ्या आणि त्यातल्या स्त्रियांची नावं मुलांना वेगळी काढायला सांगा, त्यांना आश्चर्य वाटेल इतकी निघतात. वेळ कमी पडला तर तिसरी आखडा, दुसरी आखडू नका.

नकाशा वापराच, पण कोरा छापून घ्या. रेघा मुलांनी काढायच्या, आणि प्रत्येक गावाच्या ठिपक्याशेजारी तिथे काढलेले महिने लिहायचे. माहीत असतील तिथे आकडा, नसतील तिथे रिकामी चौकट. रोमच्या पलीकडे कुणी स्पेनपर्यंत रेघ ओढली तर खोडू नका, पण ती तुटक असू द्या. स्पेनला जायचा बेत पौलाने रोमकरांना लिहिला होता, आणि पहिल्या शतकाच्या शेवटी रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंताच्या पत्रात तो ‘पश्चिमेच्या सीमेपर्यंत’ पोचला असं म्हटलंय. ती सीमा म्हणजे स्पेन की रोमच, यावर अभ्यासक अजून भांडतात. इल्लूरिकमलाही, म्हणजे आड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रांतालाही, तेच करा. तिथवर सुवार्ता सांगितल्याचं तो स्वतः लिहितो, पण लूक त्या वाटेचं नावही काढत नाही.